लघुचित्रफीत आणि औषधालयाची मर्यादा

औषधालयाची पाटी आणि वैद्यांचा हातगुण एवढ्यावरच विक्री चालण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. २०२० मध्ये भारतात इन्स्टाग्रामचे रील्स आणि यूट्यूबचे शॉर्ट्स सुरू झाले. तेव्हापासून अनेक ग्राहक उत्पादन मोबाइलवर पाहूनच दुकानात येतात. या माध्यमाचा उपयोग जरूर करावा. मात्र त्याची मर्यादा प्रथम जाणून घ्यावी, असे आम्ही सुचवितो.

औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा असल्याने तो मोबाइलला लागू नाही, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. प्रकाश, ध्वनी अथवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही त्यातील जाहिरातीच्या व्याख्येत येते. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, स्थौल्य, अपस्मार, अश्मरी आदी विकारांवर अमुक औषध घ्यावे, असे जाहिरातीत सुचविता येत नाही. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही गंभीर बाब अशी, की ‘साखर कायमची जाईल’ हे ऐकून एखादा रुग्ण चालू औषध परस्पर थांबवू शकतो. त्याची प्रकृती, बल, वय यांपैकी काहीच आपण तपासलेले नसते.

पारद, वत्सनाभ, भल्लातक आदी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेली औषधे चित्रफितीत आणूच नयेत. ती वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावीत, अशी सूचना त्यांच्या वेष्टनावर द्यावी लागते. आरोग्यवर्धिनी सर्वांच्या परिचयाची असली, तरी तीत कज्जली आहे, याचे विस्मरण होऊ नये. उटणे, दंतमंजन, अभ्यंगतैल ही उत्पादने या माध्यमास योग्य होत.

उदाहरणार्थ, दिवाळीपूर्वी अभ्यंगतैलाची ४५ सेकंदांची चित्रफीत अशी बांधावी. पहिली ५ सेकंदे तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करणे दाखवावे. पुढील २५ सेकंदांत हातापायांवर लांब आणि सांध्यांवर गोलाकार अभ्यंग दाखवावा. त्यानंतरची १० सेकंदे नवज्वर व अजीर्ण असता अभ्यंग वर्ज्य आहे, हे सांगण्यास द्यावीत. अखेरच्या ५ सेकंदांत घटकद्रव्ये, उत्पादन परवाना क्रमांक आणि औषधालयाचे नाव यावे. चित्रफितीखाली कोणी आपल्या व्याधीवर औषध विचारल्यास तेथे नाव न सांगता प्रत्यक्ष तपासणीस बोलवावे.

निषेध सांगणाऱ्या त्या १० सेकंदांची काटछाट करण्याचा मोह होईल. तो टाळावा. वैद्याचे औषधालय आणि इतर दुकान यांतील भेद ग्राहकास तेथेच कळतो.