पासिंग झालेल्या बसचं स्टेअरिंग

शाळेच्या बसबद्दल पालकांनी काही विचारलं की एक उत्तर ठरलेलं असतं: गाडीचं पासिंग झालेलं आहे. मंगरूळपीरला माझं गॅरेज आहे आणि हे उत्तर मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता त्यानं धीर येत नाही, काळजीच वाटते. पासिंग म्हणजे त्या दिवशी निरीक्षकासमोर गाडी कशी होती याचा दाखला. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला तो दोन वर्षं चालतो, पुढे दर वर्षी नवा घ्यावा लागतो. मध्ये एक अख्खा पावसाळा तरी जातोच, आणि स्टेअरिंगचं जे दुखणं मी इथं सांगणार आहे ते नेमकं त्याच काळात वाढतं.

शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका संस्थेच्या बसचा ड्रायव्हर मुलं उतरवून थेट माझ्याकडे आला. म्हणाला, “भाऊ, स्टेअरिंग वळवलं का तसंच राह्यते, वापस येत नाही. सरळ रस्त्यावर मधातच अटकते.” त्यानं हे शाळेत आधीच सांगितलं होतं. त्यावर कुणीतरी स्टेअरिंग कॉलमच्या बुडाशी गंज सोडवायचा स्प्रे मारून दिला होता. थोडे दिवस बरं वाटलं, मग आधीपेक्षा जास्त करकर सुरू झाली.

त्या स्प्रेचं काय होतं ते समजून घ्या. तो गंज सैल करतो, पण कॉलमच्या बेअरिंगमध्ये उरलेलं ग्रीसही धुऊन काढतो. स्वतः मात्र काही दिवसांत सुकून जातो. मागे उरतं ते कोरडं, उघडं लोखंड. अडकलेला नट सोडवायला स्प्रे चांगला, बेअरिंगचा इलाज म्हणून अजिबात नाही.

दोष कॉलममध्ये आहे की खाली, हे आधी ठरवायला हवं. स्टेअरिंग जड आहे म्हटलं की पुष्कळदा थेट स्टेअरिंग बॉक्स उतरवला जातो, नाहीतर किंगपिनवर खर्च केला जातो. सोपी कसोटी अशी: पुढची चाकं सरळ ठेवून कॉलमचा शाफ्ट बॉक्सपासून सोडवायचा आणि नुसता कॉलम हातानं फिरवून पाहायचा. तो बोटांच्या जोरावर फिरला तर दोष खाली आहे. हातालाच खरखर, अडखळ लागली तर दोष कॉलममध्येच. त्या बसचा कॉलम अडखळत होता. खोलला तेव्हा खालच्या बेअरिंगचं सील गेलेलं, गोळ्यांभोवती ग्रीसच्या जागी तांबूस भुकटी आणि शाफ्टवर बेअरिंग बसतं तिथं खड्डे पडलेले. ड्रायव्हरच्या पायाशी फ्लोअरमधून शाफ्ट खाली जातो तिथला रबरी बूट फाटला होता. चिखलपाणी तिथूनच वर येत होतं.

पण मला खरा घाम फुटला तो कॉलमला खालच्या शाफ्टशी जोडणारा क्रॉस पाहून. त्याची एक वाटी गंजून जाम झाली होती. कॉलमचं बेअरिंग एकाएकी घात करत नाही. आधी ते कुरकुरतं, मग जड होतं, मग स्टेअरिंग हातात हलायला लागतं. त्याच्याकडे दुर्लक्ष झालं की शाफ्ट जागेवर नीट धरला जात नाही, सगळा वाकडा ताण क्रॉसवर येतो, आणि क्रॉस तुटला तर स्टेअरिंग नुसतं हातात फिरतं, चाकांना काही कळत नाही. शेलूबाजारकडच्या खेड्यांतली लहान लहान मुलं रोज त्या गाडीत बसत होती. गाडी कागदोपत्री पूर्ण ठीक होती.

आपल्या वाशीम जिल्ह्यात हे दुखणं का वाढतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विदर्भात उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या शेवटापर्यंत लांबते. तेवढे दिवस बस उघड्यावर एका जागी उभी राहते. उन्हानं काचेचं रबर आणि खालचा बूट कडक होऊन तडकतात. मग जूनमध्ये पाऊस येतो, काचेच्या फटीतून पाणी डॅशबोर्डखाली, वरच्या बेअरिंगवर झिरपतं, आणि शाळा उघडायच्या आतच गंज धरतो. नंतर रिसोड, मानोरा, कारंजा, कुठंही जा, खेड्यापाड्यांचे रस्ते आणि काळी माती. ही माती पाणी सोडत नाही. बुटाभोवती तिचा थर बसला की वरून वाळलेला दिसला तरी आत दिवसेंदिवस ओल राहते. त्यात बस धुताना प्रेशरचा पाइप केबिनच्या फ्लोअरवर मारतात. चाकाचं बेअरिंग सतत फिरतं, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पसरतं. स्टेअरिंगचं बेअरिंग मात्र बहुतेक वेळ सरळ रस्त्याच्या जागेवरच थोडं थोडं हलत असतं. खड्ड्यांचे हादरे तेवढ्याच ठिकाणी बसतात, तिथंच ग्रीस सरतं आणि तिथंच घळ पडते. “मधातच अटकते” असं तो ड्रायव्हर म्हणाला, ते अगदी बरोबर होतं.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम सांगतो की स्टेअरिंगचा मोकळा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉलजॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि जोडाचे बोल्ट-पिना पक्क्या लॉक केलेल्या असाव्यात. आता 45 सेंटिमीटर व्यासाचं स्टेअरिंग धरा. 30 अंश म्हणजे काठावर जवळजवळ 12 सेंटिमीटर, अर्धी वीत. मुलांच्या गाडीत अर्धी वीत प्ले होईपर्यंत वाट पाहणं मला मान्य नाही. शिवाय गंजलेल्या बेअरिंगनं स्टेअरिंग आधी जड होतं, प्ले मागाहून येतो. नुसता प्ले मोजणाऱ्याच्या हाती हा दोष सुरुवातीला लागणारच नाही.

म्हणून ड्रायव्हरभाऊंनी सकाळी पहिल्या फेरीआधी एवढं करावं. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून वर-खाली आणि आजूबाजूला हलवून पाहा. ते जागेवर डुगडुगलं तर कॉलमचं बेअरिंग बघायला हवं. पॉवर स्टेअरिंग असेल तर प्ले बघताना इंजिन सुरू ठेवा. मग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. करकर, झटका, मध्येच अडखळ आली तर ती तारखेसह वहीत लिहा. चटई उचलून बूट बघा. कॉलमच्या बुडाशी तांबूस भुकटी दिसली तर त्या दिवशी मुलं दुसऱ्या गाडीनं न्या.

दुरुस्तीत माझी ठाम मतं आहेत. शाफ्टवर नख फिरवल्यावर खड्डा लागला तर शाफ्ट बदला. त्यावर नवं बेअरिंग बसवलं तर तेही लवकरच जाईल. शाफ्टला वेल्डिंग करणं, गॅस लावून तापवणं, लेथवर बुश बनवून काम भागवणं, हे प्रकार स्टेअरिंगच्या बाबतीत कुणीही, कितीही ओळखीच्या मिस्त्रीनं सुचवले तरी करू नका. बेअरिंग कंपनीच्याच नंबरचं घ्या. हातोडीनं ठोकून नव्हे, पुलरनं काढा. खोलण्याआधी स्प्लाइनवर खुणा करा आणि खालच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत होते तसेच परत बसवा, नाहीतर स्टेअरिंग एका फेऱ्यात कधी हलकं, कधी जड लागेल. लॉकनट आणि कॉटर पिन जुनी वापरू नका. बूट नवा टाका आणि काचेचं रबरही त्याच वेळी बघा. पाण्याची वाट बंद केली नाही तर बेअरिंगचा खर्च वाया गेला म्हणून समजा.

चालत्या गाडीत स्टेअरिंग अचानक जड झालं तर जोर लावून वळवू नका. वेग कमी करा, गिअर खाली आणा आणि पक्क्या जागेवर थांबा. पावसाळ्यात साइडपट्टीवर गाडी उतरवली की काळ्या मातीत चाक घसरतं, म्हणून डांबरावरच, मागच्यांना इशारा देत थांबलेलं बरं. मुलं डाव्या बाजूनं उतरवून रस्त्यापासून दूर उभी करा.

संस्थाचालकांशी आणि मुख्याध्यापकांशी मला कळकळीनं बोलायचं आहे. महाराष्ट्राच्या 2011 च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. समितीच्या बैठकीत विम्याचे आणि पासिंगचे कागद पाहिले जातात. तिथं ड्रायव्हरची वहीही उघडा. जड स्टेअरिंग सगळ्यात आधी त्याच्या हाताला कळतं, आणि “गाडी चालवायची नाही म्हणून कारणं सांगतो” असं त्याला एकदा ऐकवलं की पुढच्या वेळी तो गप्प बसतो.

सुट्टी संपायच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यात गाडी गॅरेजला लावा. शेवटच्या आठवड्यात सगळ्याच शाळांच्या गाड्या येतात आणि कुठल्याच कॉलमला हात लावायला वेळ उरत नाही. गाडी सोडायला दुसऱ्या कुणाला पाठवू नका, रोज चालवणाऱ्या ड्रायव्हरलाच पाठवा. काम झाल्यावर रिकाम्या गाडीची ट्रायलही त्यालाच घेऊ द्या, आणि तो “बरोबर आहे” म्हणेपर्यंत मिस्त्रीचं बिल चुकतं करू नका.