विमान फुल्ल, गल्ला रिकामा!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर संपादकांना माफ करा, त्यांनी बऱ्याच दुरुस्त केल्यात! हा लेख मराठीत लिहायचं कारण म्हणजे माझ्या रूममेटचे बाबा. ते एका विमान कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनी बंद पडली, शेवटच्या तीन महिन्यांचा पगारही मिळाला नाही. दिवाळीत त्यांच्या घरी गेले तेव्हा काकांनी मला विचारलं, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, आमची विमानं फुल्ल जायची, तरी कंपनी बुडाली कशी?"

मला उत्तर आलं नाही. म्हणून हा अभ्यास.

आधी प्रवासी बघू. भारतात देशांतर्गत विमान प्रवासी 2019 मध्ये सुमारे 14.4 कोटी होते. कोरोनामुळे 2020 मध्ये ते 6.3 कोटींवर आले. 2023 मध्ये 15.2 कोटी आणि 2024 मध्ये 16.1 कोटी. म्हणजे कोरोनाचा खड्डा सोडला तर आलेख चढताच आहे. पण गंमत बघा. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये बंद पडली आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये. दोन्ही वर्षं त्या वेळची विक्रमी! किंगफिशर 2005 ला सुरू होऊन 2012 ला थांबली, तेव्हाही गिऱ्हाइकाची कमतरता नव्हती.

आता एक गणित करू. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा विमानात 180 सीट आहेत, एका फेरीचा सगळा खर्च 7 लाख आणि सरासरी तिकीट 5,000 रुपये. खर्च निघायला 140 प्रवासी हवेत, म्हणजे साधारण 78 टक्के सीट भरल्या पाहिजेत. याला ब्रेक-इव्हन लोड फॅक्टर म्हणतात. या 7 लाखांत 40 टक्के इंधन धरा, म्हणजे 2 लाख 80 हजार. इंधन 20 टक्क्यांनी महागलं की खर्च होतो 7 लाख 56 हजार. आता 152 प्रवासी लागतील. तेवढ्यात शेजारच्या कंपनीने भाव पाडले, म्हणून आपणही तिकीट 4,500 वर आणलं. आता किती? 168! म्हणजे 93 टक्के. विमानात 160 माणसं बसलीयत, बाहेरून बघणाऱ्याला फुल्ल वाटतंय, आणि कंपनी प्रत्येक फेरीला तोटा खातेय.

मग भाव पाडतात कशाला? इथे आपली मेस आठवा. रविवारी पोरं घरी गेली की उरलेल्या पोळ्यांचा सोमवारी नाश्त्याला चिवडा होतो (आणि आपण तो निमूट खातो). विमानाच्या रिकाम्या सीटचा चिवडा होत नाही. दार बंद झालं की ती सीट कायमची वाया. विमान तर उडणारच आहे, मग शेवटच्या माणसाचा जादा खर्च किती? अगदी किरकोळ. म्हणून 1,500 मिळाले तरी कंपनी ती विकते. एका सीटपुरतं हे बरोबरच आहे. पण सगळ्या कंपन्यांनी सगळ्या सीटसाठी असंच केलं, की सरासरी भाव सरासरी खर्चाच्या खाली जातो. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली, एक रुपयाचं तिकीटही काढलं. सामान्य माणूस विमानात बसला हे खरंच, पण थोड्याच वर्षांत ती कंपनी किंगफिशरच्या हाती गेली.

खर्चाची बाजू तर हातातच नसते. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, राज्यं त्यावर व्हॅट लावतात. महाराष्ट्राने 2023 च्या बजेटमध्ये मुंबई-पुण्यासाठी तो 25 वरून 18 टक्के केला. विमानांचं भाडं डॉलरमध्ये द्यायचं, तिकीट विकायचं रुपयांत. रुपया घसरला की तोटा आपोआप. गो फर्स्टचं तर इंजिनच नडलं. तिने प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांकडे बोट दाखवलं, निम्मी विमानं जमिनीवर होती. उभं विमान कमवत नाही, भाडं मात्र चालूच. जगभरची स्थितीही फार वेगळी नाही. जून 2024 मध्ये आयाटाचा त्या वर्षाचा अंदाज होता, एका प्रवाशामागे निव्वळ नफा 6.14 डॉलर. म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास!

अपवाद इंडिगोचा. 2006 ला उडायच्या आधीच, 2005 मध्ये, तिने 100 ए-320 ची ऑर्डर दिली होती. सुरुवातीला एकाच जातीची विमानं, त्यामुळे पायलट आणि स्पेअर पार्ट सगळीकडे चालायचे. तरी तिलाही 2021-22 मध्ये 6,162 कोटींचा तोटा झाला आणि 2023-24 मध्ये 8,172 कोटींचा नफा. त्या नफ्यात गो फर्स्ट बंद पडल्याचाही वाटा आहे असं मला वाटतं. सीट कमी झाल्या, भाव चढले. पण साठ टक्क्यांहून जास्त बाजार एकाच कंपनीकडे असला की काय होतं, ते डिसेंबर 2025 मध्ये दिसलं. पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, इंडिगोचं नियोजन कोलमडलं, हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली.

लेखाचा कच्चा खर्डा मी काकांना फोनवर वाचून दाखवला. 168 चा आकडा ऐकून ते म्हणाले, "अगं, आमच्याकडे रोज 170 असायचे."

मी विचारलं, "काका, पण तिकीट सरासरी कितीला जायचं?"

ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते आम्हाला हँगरमध्ये कोण सांगणार, बेटा?"