मोबाइलवरचा वेळ : आधी मोजा

झोप न लागणे, मान धरणे, डोळ्यांची जळजळ अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांना मी हल्ली आवर्जून विचारतो, "मोबाइल किती वेळ पाहता?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "फार नाही डॉक्टर, अर्धा-पाऊण तास." ही मंडळी खोटे बोलत नाहीत. त्यांना खरोखरच तेवढे वाटते.

याचे कारण असे की, हा वेळ सलग जात नाही. कांद्याचा भाव पाहण्यासाठी मोबाइल उघडावा, भाव मिनिटभरात कळतो. पण बोट पुढे सरकतच राहते. क्रिकेट, कुणाचे भांडण, कुणाची पाककृती. वीस मिनिटे निघून जातात आणि लक्षात राहतो फक्त कांद्याचा भाव. शिवाय वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपते, या पानांना तळच नाही. बोटाने सरकवत राहावे आणि मजकूर येतच राहावा, ही युक्ती अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने २००६ मध्ये काढली; पुढे त्याचीच त्याला जाहीर खंत वाटली.

ताप जसा थर्मामीटरने मोजतो, तसा हा वेळही मोजावा लागतो. एका किराणा दुकानदारांनी माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागितल्या. वय बेचाळीस, रक्तदाब व साखर ठीक. त्यांना म्हटले, गोळ्यांचे आठवड्याने पाहू. तोवर रोज रात्री आपला अंदाज कागदावर लिहा आणि मगच मोबाइलमधला आकडा पाहा. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' आणि आयफोनमध्ये 'स्क्रीन टाइम' या नावाखाली प्रत्येक ॲपचा वेळ वेगवेगळा दिसतो. धंद्याचे, बँकेचे काम त्यातून वजा करावे. पहिल्या आठवड्यात मुद्दाम काही कमी करू नये. नाहीतर डॉक्टरांना दाखवण्यापुरता आकडा चांगला येतो आणि रोग तसाच राहतो.

त्यांचा अंदाज पस्तीस मिनिटांचा होता, मोबाइलने दाखवले दोन तास पन्नास मिनिटे! त्यातला दीड तास रात्री अकरानंतर, अंथरुणात. पहाटे पाचला दुधाची गाडी येते म्हणजे उठणे चुकत नाही. मग झोप पुरणार कशी? मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा, गजरासाठी साधे घड्याळ घ्यायचे, एवढेच ठरले. पंधरा-वीस दिवसांत झोप सुधारली. गोळी द्यावी लागली नाही.

डोळ्यांविषयी थोडेसे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखाली येते. डोळे कोरडे पडतात ते यामुळे. अधूनमधून लांब पाहावे. दुकानातून मनाने थेंब आणून घालू नयेत.

मात्र काही घरांत नोंदीने भागत नाही. शाळा वा काम सुटले आहे, मोबाइल काढून घेताच आरडाओरडा होतो, किंवा माणूस उदास आहे आणि रात्र सरावी म्हणून पडद्याकडे पाहत बसतो, तेव्हा डॉक्टरांना अवश्य भेटावे. उदासीनता हा मूळ आजार असेल तर मोबाइल हिसकावून तो बरा होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून खास विभाग आहे. शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, तोही मराठीतून.