वादळ बंगालच्या उपसागरात, ताडपत्री निलंग्यात

समुद्र निलंग्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी 26 सप्टेंबर 2021 च्या संध्याकाळी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ धडकलं आणि 28 तारखेला मांजरा धरणाचे सगळे 18 दरवाजे उघडावे लागले. वारा वाटेतच जिरतो, पाऊस इथवर येतो. समुद्र तापतोय तशी वादळांना वाफही जास्त मिळते. आणि येतात कधी? ऐन सोयाबीनच्या काढणीत.

काय करावे

• बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झाल्याची बातमी आपलीच समजा. वादळ किनाऱ्यावर आलं की आपल्या हाती जेमतेम एक-दोन दिवस उरतात.

• एका दिवसात गोळा होईल तेवढंच सोयाबीन कापा. गंज उंचवट्यावर लावा, भोवती चर काढा. ताडपत्री नुसती टाकू नका, कोपरे दोरीनं आवळून बांधा. दगड ठेवून भागत नाही. भिजल्या शेंगांना कोंब फुटले की मोंढ्यात त्या मालाला कुणी विचारत नाही.

• नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर आधीच वर काढा. औराद शहाजानीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. तिकडे तेरणा मांजरेला मिळते. मांजरा भरून वाहत असली की तेरणेचं पाणी मागं फुगतं आणि शिवारात शिरतं.

• नुकसान झालंच तर गंज हलवण्याआधी फोटो काढा, तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पीकविम्याचे निकष बदलत राहतात. गेल्या सालच्या माहितीवर विसंबू नका.

काय टाळावे

• पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. “एवढ्याशा पाण्यानं काय होतंय” म्हणणाऱ्याला तर मुळीच पुढं जाऊ देऊ नका.

• वीज कडाडत असताना झाडाखाली थांबू नका, जनावरंही तिथं बांधू नका. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप असू द्या.

• दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला गेलात तर ऊन बघून पाण्यात उतरू नका. लांबच्या वादळाच्या लाटा स्वच्छ आभाळाखालीही येऊन आदळतात. उंच लाटांचा इशारा हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते (मुंबईपेक्षा ती आपल्याला जवळ!). इशारा असेल त्या दिवशी खडकावर फोटोलासुद्धा चढू नका.

• ताडपत्रीची खरेदी इशाऱ्यावर ढकलू नका. पोळा झाला की आणून ठेवा.