पाटकरी नसेल तेव्हा

रात्रीची वेळ आहे. पाटाला पाणी आले आहे. आज शेजाऱ्याची पाळी आहे. तो दारे धरून बसला होता. आता भाकरी खायला घरी गेला आहे. पाटकरीही जवळ नाही. चार फावडी माती ओढली, की पाणी आपल्या उसात येईल. कुणाला कळणार नाही.

अशा वेळी माणसाला कोण अडवते?

वर्गात हा प्रश्न निघाला. एक जण म्हणाला, "गुरुजी, दंडाचं भ्या हाय म्हणून माणूस सरळ हाय. भ्या गेलं, की पाळी गेली!"

मावशी म्हणाल्या, "असं कसं? त्याचं पीक वाळलं तर त्याची पोरं काय खातील, हे मनात येतंच की!"

गुरुजी म्हणाले, "एका राजाची हकिकत ऐका. मग ठरवा."

इसवी सनापूर्वी २६१ च्या सुमारास अशोक राजाने कलिंग देश जिंकला. हा देश आजच्या ओडिशाच्या बाजूला होता. लढाईत एक लाख माणसे मारली गेली. दीड लाख माणसे धरून नेली. याशिवाय कितीतरी पट माणसे मेली. हे आकडे शत्रूने सांगितलेले नाहीत. राजाने स्वतःच ते खडकावर कोरवून ठेवले. गुजरातेत गिरनारच्या वाटेवर असा एक खडक आहे. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत.

या लेखात राजा म्हणतो, की मला पश्चात्ताप झाला. जे जिवंत राहिले तेही दुःखी झाले, कारण त्यांचे सोयरे आणि मित्र संकटात पडले.

आता विचार करा. राजाला दंड कोण करणार होते? त्याच्यावर फौजदार नव्हता. परलोकाचा विचार त्याच्या लेखांत येतो, हे खरे. पण लढाईविषयी सांगताना तो माणसांचे दुःख मोजतो. दुसऱ्याचे दुःख त्याला आपले वाटले. यालाच आपण कळवळा म्हणतो.

पण त्याच लेखात राजा रानातल्या लोकांना बजावतो, की मला पश्चात्ताप झाला असला, तरी माझ्या हाती बळ आहे. नीट वागा, म्हणजे मारले जाणार नाही. म्हणजे भीतीही त्याने सोडली नाही.

राज्याभिषेकानंतर २७ वर्षांनी त्याने एका खांबावर आणखी एक लेख कोरवला. हा खांब आज दिल्लीत आहे. लोक चांगले वागावेत म्हणून मी दोन उपाय केले, असे त्यात राजा सांगतो. एक उपाय नियमांचा. दुसरा मन वळवण्याचा. नियमांनी थोडे काम झाले. मन वळवल्याने जास्त झाले.

गुरुजी थांबले. मग पहिला गडी म्हणाला, "म्हंजे भ्या कुंपणासारखं. ढोर आडवतं, पण पीक उगवत न्हाय."

"बरोबर," मावशी म्हणाल्या, "पण कुंपण काढूनही चालायचं नाही."

कायदा हवा. दंडही हवा. पण पाटकरी सगळ्या रात्री, सगळ्या दारांवर उभा राहू शकत नाही. तिथे शेजाऱ्याची आठवणच आपला हात धरते.

विचार करा व बोला :
१. कुणी पाहत नसताना तुम्ही कोणते चांगले काम केले? का केले?
२. अशोकाला पश्चात्ताप झाला, पण कलिंग त्याच्याच राज्यात राहिले. नुसता कळवळा पुरतो का?
३. मुलाला मारून शिकवावे, की समजावून?