चट्टा एक, नावे अनेक
त्वचेवरील चट्ट्याचे नाव चुकले की उपचारही चुकतो. नायटा अथवा गजकर्ण बुरशीमुळे होतो. त्यास खाज सुटते. कोड म्हणजे त्वचेतील रंगद्रव्याचा लोप. तेथील संवेदना शाबूत असते व ते संसर्गजन्य नाही. कुष्ठरोगाचा फिकट वा लालसर चट्टा मात्र बहुधा बधिर असतो. उपचारास विलंब झाल्यास मज्जातंतू निकामी होऊन हातापायांचे स्नायू दुर्बळ होतात व बोटे वाकतात. बहुविध औषधोपचाराने हा रोग प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत बरा होतो; शासकीय आरोग्य केंद्रांत ही औषधे विनामूल्य मिळतात. यास्तव शिक्षक व पंचायत सदस्यांनी कोडास कुष्ठ म्हणू देऊ नये आणि बधिर चट्टा लपवू देऊ नये.