परसातला रॅम्प : एका रिकाम्या तलावाचा इतिहास आणि भूमिती

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील मध्यमवर्गीय वस्त्यांत, घराच्या मागील अंगणात, लाकडाची एक अवाढव्य रचना पुष्कळदा दृष्टीस पडते. दोन्ही टोकांना वर चढत गेलेले वक्र, मध्ये सपाट पट्टा आणि वर माथ्यावर उभे राहण्यापुरता ओटा. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे गजपृष्ठाकार छत ज्यांनी पाहिले आहे त्यांनी ते छत मनाने उलटे करून जमिनीवर ठेवावे, म्हणजे या रचनेची कल्पना येईल. साम्य केवळ आकारापुरते नाही. कार्ल्याच्या छताला आजही प्राचीन लाकडी फासळ्या आहेत. या रचनेचा सांगाडाही फासळ्यांचाच असतो. तिला तेथील मुले ‘रॅम्प’ म्हणतात आणि चार चाकांच्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर उभे राहून तिच्यावर खालीवर झेपावत राहतात.

हा खेळ टोकियो ऑलिंपिकपासून आपल्याकडील मुलांनाही ठाऊक झाला आहे. तथापि तो परसात का गेला, हा प्रश्न क्रीडेचा कमी आणि इतिहासाचा अधिक आहे. म्हणून त्याचा विचार या लेखात आम्ही इतिहासाच्या अंगाने आरंभ करून सुतारकामाच्या अंगाने करणार आहोत.

प्रारंभी ही फळी समुद्रावरील लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणांची होती. लाट नसेल त्या दिवशी रस्त्यावर तोच आनंद मिळावा, म्हणून त्यांनी फळीला रोलर स्केटची चाके लावली. ती चाके आरंभी धातूची आणि पुढे मातीच्या मिश्रणाची असत. बारीक खडा आला तरी फळी थांबे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत फ्रँक नासवर्दी या तरुणाने युरेथेनची चाके बाजारात आणली. हे मऊ पण चिवट चाक जमीन धरून राहते. त्यानंतर खेळाला वेग आला, आणि वेगाला चढाव हवा झाला.

तो चढाव पुरवला दुष्काळाने. १९७६-७७ साली कॅलिफोर्नियात तीव्र अवर्षण पडले. पाण्यावर निर्बंध आले आणि घरोघरचे पोहण्याचे तलाव कोरडे राहिले. या तलावांचा तळ गोलाईने भिंतीत मिसळलेला असे. सांता मोनिका आणि व्हेनिस या भागांतील मुले कुंपणे ओलांडून त्या कोरड्या तलावांत उतरू लागली आणि मालक किंवा पोलीस येईपर्यंत सिमेंटच्या लाटेवर स्वार होऊ लागली.

येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबले पाहिजे. एका राज्यात इतके खासगी तलाव आले कोठून? युद्धोत्तर सुबत्ता, उष्ण हवामान आणि स्वस्त झालेले बांधकाम ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कॅलिफोर्नियातीलच पॅसाडेना शहरात १९१४ साली ब्रुकसाइड प्लंज हा सार्वजनिक तलाव सुरू झाला. तेथे कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि आशियाई वंशाच्या लोकांना आठवड्यातून एकाच दिवशी प्रवेश असे आणि त्यांचा दिवस संपला की तलाव रिकामा करून त्यात नवे पाणी भरले जाई. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि सहस्रावधी सत्याग्रहींनी प्राशन केल्यावर पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले होते. पॅसाडेनात घागरींऐवजी नळ होता, एवढाच काय तो फरक. पुढे अमेरिकेच्या न्यायालयांनी सार्वजनिक तलाव सर्वांना खुले करण्याचे निर्णय दिले तेव्हा काही नगरांनी ते बंदच करून टाकले. अलाबामा राज्यातील माँटगोमेरी नगराने १९५९ साली आपली सर्व सार्वजनिक उद्याने बंद केली; तेथील तलाव बुजवण्यात आला. गोऱ्या कुटुंबांपैकी ज्यांना परवडले, त्यांनी खासगी क्लब आणि स्वतःच्या परसातील तलाव यांचा आश्रय घेतला. घरांच्या खरेदीखतांतही ‘हे घर अमुक वंशाच्या माणसास विकू नये’ अशी कलमे असत. १९४८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत न्यायालये ती अमलातही आणीत.

ज्या कोरड्या तलावांत ती मुले उतरली, त्यांतील प्रत्येक तलाव द्वेषातून खोदला गेला होता असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. पण सार्वजनिक पाणी सोडून प्रत्येकाने आपापले पाणी आपापल्या कुंपणात का नेले, हा प्रश्न ज्याला पडत नाही, त्याला या खेळाचा पुढचा प्रवासही पुरता कळणार नाही.

कारण पुढेही तेच घडले. १९७६ पासून पैसे घेऊन प्रवेश देणारी सिमेंटची क्रीडास्थळे सर्वत्र उभी राहिली. काही वर्षांतच अपघातांच्या दाव्यांमुळे विम्याचे हप्ते मालकांना पेलवेनासे झाले आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यांतील बहुतेक स्थळे बंद पडली. अनेकांवर यंत्रे फिरवून जमीन सपाट करण्यात आली. रस्त्यावर बंदी, तलावात मज्जाव, क्रीडास्थळ जमीनदोस्त! उरला तो घराचा परसू. एन्सिनिटास गावच्या टॉम स्टुअर्ट या तरुणाने १९७५ च्या सुमारासच लाकडाची अर्धनलिका उभारलेली होती. ॲरिझोनाच्या वाळवंटात जलप्रकल्पासाठी आणलेले प्रचंड नळ आत शिरून फळी चालवण्याच्या योग्यतेचे असत. ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. तिचे आराखडे तो पुढे विकू लागला. आता ते लाकडी वक्र गावोगावच्या परसांत उगवले आणि हा खेळ त्यांच्याच आधारावर तगला. टोनी हॉक या पुढे जगप्रसिद्ध झालेल्या खेळाडूचे वडील फ्रँक हॉक हे स्वतः हातात करवत घेऊन रॅम्प बांधणाऱ्यांपैकी होते. १९८३ साली त्यांनी या खेळाची राष्ट्रीय संघटनाही उभी केली.

आता रचनेकडे वळू. आमच्या मते दहावीच्या भूमितीला याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

रॅम्पचा वक्र हा वर्तुळाचा कंस असतो. त्यात दोन मापे ठरवावयाची असतात : वर्तुळाची त्रिज्या आणि रॅम्पची उंची. समजा, त्रिज्या आठ फूट आणि उंची चार फूट घेतली. उंची त्रिज्येच्या बरोबर निम्मी असल्याने माथ्यावर वक्राचा उतार क्षितिजाशी ६० अंशांचा कोन करतो. वक्राने जमिनीवर व्यापलेली लांबी पायथागोरसच्या प्रमेयाने निघते : ६४ मधून १६ वजा, म्हणजे ४८ चे वर्गमूळ, सुमारे ६.९३ फूट. प्रत्यक्ष कंसाची लांबी पूर्ण परिघाच्या एक षष्ठांश, म्हणजे सुमारे ८.३८ फूट. प्लायवूडचा तावही आठ बाय चार फुटांचाच असल्याने चार फूट उंचीची बाजू एका तावात बसते. परसातील असंख्य रॅम्प याच उंचीचे असतात त्यामागे खेळाडूंच्या पसंतीइतकाच लाकडाच्या वखारीचाही वाटा आहे.

कंस काढण्यास कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. सपाट जमिनीवर ताव ठेवावा, त्याच्या तळकडेला काटकोनात आठ फुटांवर खिळा ठोकावा आणि तेथून न ताणणारी दोरी, किंवा त्याहून उत्तम म्हणजे लाकडी पट्टी, पेन्सिल बांधून फिरवावी. पहिला तुकडा अतिशय काळजीने कापावा आणि उरलेले सारे त्याच्यावरून आखावेत. प्रत्येक तुकडा नव्याने मोजून कापला तर प्रत्येकात केसभर फरक पडतो आणि तो फरक पुढे चाकाला जाणवतो.

सोळा फूट रुंदीच्या रॅम्पचे आठ-आठ फुटांचे दोन भाग करतात. प्रत्येक भागाच्या दोन बाजूंच्या मध्ये, कंसाला चिकटून, दर आठ इंचांवर आडवे वासे बसवतात. एका भागाला असे सुमारे चौदा वासे लागतात. याच आमच्या फासळ्या. अंतर वाढवून लाकूड वाचवण्याचा मोह होतो. पण मग पत्रावळीसारखा प्लाय दबतो आणि महिन्याभरात वक्राचे पायरीत रूपांतर होते. वाशांवर पातळ प्लायचे दोन थर वाकवून बसवतात. जाड थर या वक्राला वाकत नाही, तडकतो. खालच्या थराच्या सांध्यावर वरच्या थराचा सांधा येता कामा नये. गवंडी विटांचे सांधे मोडतो तसेच हे. खिळे न वापरता स्क्रू वापरावेत, कारण कंपनाने खिळा वर येतो आणि वर आलेला खिळा काय करतो हे सांगावयास नको. दोन वक्रांच्या मध्ये आठ फूट सपाट पट्टा, दोन्ही माथ्यांवर चार-चार फुटांचा ओटा, असे मिळून सुमारे तीस फूट लांबी भरते. केवळ पृष्ठभागाच्या एका थराला तेरा ताव लागतात. दोन थर, वरचा गुळगुळीत तिसरा थर, ओटे आणि बाजू यांचा हिशेब वाचकांनी घरी करून पाहावा. म्हणजे हा खेळ गरिबाच्या मुलाचा का नव्हता ते आपोआप उमगेल. (त्या काळच्या मुलांनी बांधकामांवरून लाकूड पळवल्याच्या कथा जुने खेळाडू हसत हसत सांगतात. आम्ही त्याचे समर्थन करीत नाही.)

ओट्याच्या कडेला लोखंडी नळ बसवतात. तो पृष्ठभागाच्या पुढे पाव ते अर्धा इंच यावा. माथा आल्याचे चाकाला, आणि चाकातून पायाला, तो नळ सांगतो.

आठ फूटच त्रिज्या का? चार फुटांवरून खाली येताना, घर्षण सोडून दिल्यास, स्वाराचा वेग ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर होतो. तळाशी वक्रातून जाताना त्याला स्वतःचे वजन दुप्पट झाल्यासारखे वाटते. तेवढ्याच उंचीला त्रिज्या चार फूट घेतली तर ते तिप्पट वाटेल आणि माथा सरळ उभा होईल. नवशिक्याचे गुडघे तेथेच दुमडतील. घर्षणाने गमावलेला वेग स्वार परत कसा मिळवतो, हेही पाहण्यासारखे आहे. झोक्यावर उभे राहून मूल जसे योग्य क्षणी गुडघे वाकवते आणि ताठ करते, तसेच स्वार वक्रात शिरताना पाय ताठ करून शरीर वर उचलतो. जोर जमिनीवर मारून नव्हे, क्षण साधून मिळतो. आरंभीच्या रॅम्पना मधला सपाट पट्टा नव्हता; एक वक्र संपताच दुसरा सुरू होई आणि तोल सावरण्यास उसंत मिळत नसे. तो आठ फुटांचा पट्टा आल्यावर खेळाची सारी कसरत बदलली.

या तरुणांची एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्याने फळी चालवावयाची त्यानेच आखले, कापले, ठोकले. आपल्याकडे आखणारा एक, कापणारा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये जन्म उभा. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले आहे. पदवीधर मुलगा हातात रंधा धरण्यास लाजतो, यात दोष एकट्या त्या मुलाचा नाही.

तथापि परसातल्या रॅम्पचे गुणगान एका मर्यादेतच करावे लागते. परसू ज्याचा, खेळ त्याचा. ब्राझीलमध्ये जन्मलेल्या बॉब बर्नक्विस्टने आपल्या कॅलिफोर्नियातील परसात शेकडो फूट लांबीचा ‘मेगारॅम्प’ उभारला. तो विस्मयकारक आहे, परंतु किती जणांना तेवढी जमीन असते? याच्या उलट टोकाला ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड शहर आहे. तेथील तरुणांनी १९९० साली बर्नसाइड पुलाखालच्या ओसाड जागेत, कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या पैशाने सिमेंटचे वक्र घडवावयास आरंभ केला. नगरपालिकेने पुढे त्याला मान्यता दिली आणि ते आजही सर्वांना खुले आहे. टोनी हॉकने २००२ साली स्थापलेली संस्थाही कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतील सार्वजनिक क्रीडास्थळांनाच साहाय्य करते. परसात वाढलेल्या खेळाडूने परसाबाहेर पैसा लावला, याची नोंद घ्यावी.

भारतातील या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण मध्य प्रदेशात आहे. पन्ना जिल्ह्यातील जनवार या गावात २०१५ साली उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने सिमेंटचे स्केट-पार्क बांधले गेले. गावात आदिवासी आणि यादव या दोन वस्त्या; एकमेकींपासून अंतर राखून राहणाऱ्या. पार्कात नियम दोनच : शाळेत न जाणाऱ्यास फळी नाही, आणि मुलींना प्रथम संधी. फळ्या मोजक्या असल्याने त्या हातोहात फिरल्या. याच गावची आदिवासी मुलगी आशा गोंड २०१८ साली चीनमधील नानजिंग येथील जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली.

जनवारला लाकूड न वापरता सिमेंट वापरले, हेही योग्यच झाले. आपल्या पावसाळ्यात साधा प्लाय फुगतो, त्याचे थर सुटतात. वरचा हार्डबोर्ड तर एका सरीतच भाकरीसारखा वर येतो. जलरोधक प्लाय महाग पडतो आणि दरवर्षी ताडपत्रीने झाकावा लागतो. उलट वाळू, खडी, सळई आणि गवंडी गावोगावी उपलब्ध आहेत. वक्र साधण्याची रीत मात्र तीच राहते : खिळा, आठ फुटांची पट्टी आणि त्यावरून कापलेला लाकडी फर्मा, जो ओल्या सिमेंटवरून गवंडी एका हाताने हळूहळू ओढत नेतो.